पावडरीचा डबा आणि दात्याच्या पेशी

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण घरी आला की नातेवाईक हमखास प्रोटीन पावडरीचा डबा आणतात. खारघरला टाटा रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक केंद्रात उपचारासाठी मराठवाडा-विदर्भातून येऊन जवळपास खोली घेऊन राहणाऱ्यांनाही हा मोह होतोच. डब्यावर ‘ग्लुटामिनयुक्त’ लिहिलेलं असलं तर विचारायलाच नको.

भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. पुढे हे काम खारघरला हललं. भीती तेव्हा होती तीच आजही आहे. दात्याच्या मूळ पेशींबरोबर त्याच्या टी-पेशीही येतात. रुग्णाचं शरीर त्यांना परकं वाटतं आणि त्या त्वचा, यकृत, आतडी यांच्यावर तुटून पडतात. हाच जीव्हीएचडी. आतड्याचं अस्तर केमोने आधीच सोललेलं असतं. तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपले की टी-पेशी आणखी चवताळतात.

या अस्तराच्या पेशी ग्लुटामिन या ॲमिनो आम्लावर जगतात. मग तेच वरून दिलं तर? बोस्टनमध्ये ४५ रुग्णांना ते सलाइनमधून देऊन पाहिलं. १९९२ च्या त्या अहवालात संसर्ग कमी झाले, रुग्णालयातला मुक्काम ३६ दिवसांवरून २९ वर आला. २००२ मध्ये प्रागहून उलटी बातमी आली. स्वतःच्याच पेशी परत दिलेल्या ४० रुग्णांपैकी ग्लुटामिन मिळालेल्यांत आजार अधिक वेळा उलटला. दोन्ही अभ्यास छोटे, त्यामुळे कुठल्याच टोकाला जाऊ नये.

पण शंका रास्त आहे. भराभर वाढणाऱ्या टी-पेशी आणि अनेक कर्करोगपेशीही ग्लुटामिनवरच पोसतात. काही ल्युकेमियांत तर ॲस्परजिनेज हे औषध रक्तातलं ॲस्परजिन हे ॲमिनो आम्ल मुद्दाम संपवतं, कारण त्या ल्युकेमियांच्या पेशी ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाहीत. टायरोसिन हे आणखी एक ॲमिनो आम्ल दिल्यावर जीव्हीएचडी सौम्य झाल्याचं २०२० मध्ये दिसलं खरं, पण उंदरांत. तेवढ्यावर डबा उघडण्याची घाई मला तरी पटत नाही.

जीव्हीएचडी टाळण्याचा भार आजही सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिलेल्या सायक्लोफॉस्फमाइडवर आहे. सायक्लोस्पोरिनचा मूत्रपिंडांवर ताण पडतो, म्हणून किती प्रथिनं द्यायची हे आहारतज्ज्ञाने रक्ततपासणी पाहून ठरवायचं. डब्याचा फोटो त्यांना आधी दाखवावा. तळहातांवर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करावा.