गिरडचे नारळ आणि वाघाची वाट

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात प्रवासी स्वतःची मोटार स्वतःच हाकत सिंह-हत्ती पाहत हिंडतात. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे रान १९,००० चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. आमच्या चिरंजीवांनी हे वाचून दाखवले, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "आफ्रिका राहू द्या. आधी आपला विदर्भ तरी पाहू!"

झाले! मार्गशीर्षातल्या एका पहाटे दशम्यांचा डबा, पाण्याची कळशी आणि चिरंजीवांची दुर्बीण घेऊन आम्ही नागपूर सोडले. उमरेड, गिरड, चिमूर आणि शेवटी ताडोबा असा बेत होता.

उमरेडच्या पुढे करांडल्याचे अभयारण्य लागते. नागझिऱ्याहून २०१३ साली येथे आलेला 'जय' नावाचा वाघ २०१६ साली नाहीसा झाला, तो पुन्हा कोणाला दिसलाच नाही.

गिरड हे वर्धा जिल्ह्यातले गाव. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्याच्या पायऱ्या भक्तिभावाने चढतात. अवलियाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ शापाने दगड झाले, अशी कथा आहे. टेकडीवर तसे वाटोळे गोटे सापडतात खरे. भूशास्त्रज्ञ सांगतात, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजे साचून हे गोटे झाले. चिरंजीवांना शास्त्र पटले, सौ.ने मात्र हात जोडले. मी दोन्ही केले.

टेकडीखाली चहा घेताना एक वृद्ध शेतकरी भेटले. वाघाची भीती वाटते का, असे विचारताच ते हसले.

"वाघ परवडला जी, डुक्कर नाही परवडत! वाघ कधीमधी येते. डुक्कर अन् रोही रोजच येतेत. रातभर जागल करा लागते."

हसण्यावारी नेण्याजोगे हे बोलणे नव्हे. याच डुकरांपायी कोणी कोणी कुंपणात चोरून वीज सोडतो. जयचा बच्चा 'श्रीनिवास' २०१७ साली नागभीडकडे अशाच तारेने मेला. डुक्कर खाणारा वाघ शेतकऱ्याचा राखणदार. पण राखणदारच डुकरासाठी लावलेल्या तारेत सापडतो! शिवाय मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बायाबापड्यांना वाघ परवडत नाही, हेही तितकेच खरे.

१९४२च्या लढ्यात गाजलेल्या चिमुरावरून आम्ही कोलारा दरवाजा गाठला. ताडोबात आपली मोटार चालत नाही. जिप्सी आणि वाटाड्या घ्यावा लागतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा आणि शेजारचे अंधारी अभयारण्य मिळून होते जेमतेम ६२५ चौरस किलोमीटर. तळ्याकाठी तारू या गोंड देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो पडला, असे सांगतात. आम्हाला गवे दिसले, रानकुत्री दिसली आणि बांबूच्या बेटातून रस्ता ओलांडणारी एक वाघीण. चिरंजीव दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत ती गेलीही!

वाटाड्या म्हणाला, "हिचे बच्चे मोठे झाले का बाहेर निघतील. इथं जागा कुठं आहे, साहेब?"

मनातल्या मनात मी क्रूगरशी ताडोबाचा हिशेब मांडला. आफ्रिकेतल्या सिंहाला रानातच रान पुरते. आमच्या तरुण वाघाला मात्र घर शोधायला कपाशी, तूर आणि सडका ओलांडाव्या लागतात. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ असाच १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. ताडोबा, करांडला आणि वर्ध्याचे बोर यांना जोडणारी वाट अशी शेतांतूनच जाते. तेव्हा वाघ वाचवायचा, तर गिरडच्या शेतकऱ्याला डुकराने नासलेल्या पिकाची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. त्याची तूर सुखरूप घरी आली, तर तो कुंपणात वीज कशाला सोडील?