जुन्या औषधाचा नवा जन्म

‘थॅलिडोमाइड’ म्हणताच आम्हा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे हातपाय खुंटलेली अर्भके येतात. १९६१ साली पश्चिम जर्मनीत हे शामक औषध मागे घेतले गेले. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या डॉ. जेकब शेस्किन यांनी ते एका कुष्ठरुग्णाला झोपेसाठी दिले आणि त्याच्या वेदनामय गाठी ओसरल्या. १९९१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात त्यामागील एक कारण उमगले: हे औषध दाहकारक ‘टीएनएफ-अल्फा’ची निर्मिती रोखते. पुढील विकास सेलजीन कंपनीने केला. अमेरिकेत १९९८ मध्ये कुष्ठरोगातील गाठींसाठी व २००६ मध्ये मल्टिपल मायलोमासाठी त्यास मान्यता मिळाली. रुग्णालय, विद्यापीठ आणि उद्योग यांचा हा मेळ मला मोलाचा वाटतो. परंतु गर्भाला असलेला धोका आजही तोच आहे. स्त्रीरुग्णास गर्भधारणा नाही याची खात्री केल्याविना हे औषध लिहू नये.