शहराचे सांडपाणी आणि आपली विहीर



जळगाव शहर आता असोद्याच्या शिवारापासून लांब राहिलेले नाही. १९९१ च्या जनगणनेत जळगावची वस्ती सुमारे २ लाख ४२ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ४ लाख ६० हजार भरली. मध्यंतरी २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहर वाढले की भाजीला गिऱ्हाईक वाढते, जमिनीला भाव येतो. पण शहराने वापरून टाकलेले पाणी उताराने आपल्याकडेच येते, त्याचे काय?

किती पाणी, याचा अंदाज घेऊ. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मानावे, हे सरकारी माप आहे. साडेचार लाख वस्तीला या मापाने रोज सुमारे ५ कोटी लिटर सांडपाणी होते. वाघूर धरणातून स्वच्छ पाणी शहरात येते आणि असे होऊन बाहेर पडते. थोडे लेंडी नाल्यासारख्या नाल्यांतून वाहते. शहराच्या कडेला नवे प्लॉट पडतात तिथे गटार पोचलेले नसते; तिथले पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. वाहणारे पाणी डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. मुरणारे पाणी कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची धास्ती जास्त.

आता पुष्कळांचा प्रश्न येतो : "साहेब, नाल्याच्या पाण्यावर पीक काळेभोर येते, मग ते वाईट कसे?" पीक काळेभोर येते हे खरे आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे. सांडपाण्यात दर लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम नत्र धरायला हरकत नाही. एका एकरात २ इंच पाणी भरले म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी दिले. त्यातून ६ किलो नत्र गेले, म्हणजे १३ किलो युरिया. अशी दहा पाणी दिलीत तर एकरी ६० किलो नत्र झाले. वांग्याला हंगामात लागणारा बहुतेक सगळा नत्र पाण्यातूनच पोचला! वरून नेहमीचा युरिया टाकला की काय होते? झाड माजते, पाला वाढतो, फळ कमी धरते, शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला कोवळा शेंडा आयता मिळतो. पिकाला न लागलेला नत्र पाण्याबरोबर खाली उतरतो. तो उतरतो कुठे? विहिरीत.

ही गोष्ट नीट समजून घ्या. सांडपाण्यातला नत्र आधी अमोनियाच्या रूपात असतो. आपली काळी माती अमोनिया धरून ठेवते. पण मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीला धरवत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, पहिल्या पावसाचे पाणी त्यातून थेट खाली जाते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखे दिसेल आणि त्यात नायट्रेट असेल. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे धोका मुख्यतः तान्ह्या मुलांना. ज्या बाळाला वरचे दूध पाण्यात कालवून बाटलीने देतात, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ व नखे निळसर पडतात. असे दिसले तर वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्यावे.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. "आम्ही पाणी उकळून पितो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. उकळल्याने जंतू मरतात, ते चांगलेच. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटते आणि राहिलेल्या पाण्यात ते उलट दाट होते. टी.सी.एल. पावडरचेही तसेच, तिने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. विहिरीत नायट्रेट जास्त निघाले तर बाळासाठी पाणी दुसरीकडूनच आणावे.

जंतूंसाठी मात्र टी.सी.एल. हवेच. हजार लिटरला ५ ग्रॅम हे माप. विहिरीचा व्यास ५ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर पाणी होते सुमारे ७८ हजार लिटर, म्हणजे ४०० ग्रॅम पावडर. बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडावी आणि पाणी रात्रभर तसेच ठेवावे. कावीळ, हगवण, विषमज्वर हे सांडपाण्याचेच सोबती. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तीही दूषित पाण्यामुळेच.

सगळा दोष शहराच्या माथी मारणे मला पटत नाही. केळीला आपण जो युरिया ओततो, त्यातलाही नायट्रेट विहिरीत जातो. मग ओळखायचे कसे? पाणी तपासताना नायट्रेटबरोबर क्लोराइड आणि विष्ठेतले जंतू, म्हणजे ई-कोलाय, हेही तपासून घ्यावे. जंतू सापडले तर जवळपासच्या संडासाचे किंवा गोठ्याचे पाणी विहिरीत शिरते आहे हे पक्के समजावे. नुसते नायट्रेट जास्त आणि क्लोराइड बेताचे असेल तर संशय खताच्या पोत्यावर घ्यावा. म्युरेट ऑफ पोटॅश देत असाल तर क्लोराइड त्यातूनही येते, म्हणून ते प्रयोगशाळेत सांगावे. शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. शेजारी प्लॉट पडत असतील तर ही गोष्ट खड्डा खणण्याआधी ग्रामपंचायतीत मांडा, नंतर कोणी खड्डा हलवत नाही.

नाल्याच्या पाण्याशिवाय ज्यांना इलाजच नाही, त्यांनी ते कपाशीला किंवा झाडांना द्यावे. कोथिंबीर, पालक, मुळा, कांद्याची पात यांना ते बिलकूल देऊ नये. आपले भरताचे वांगे काट्याकुट्यांच्या जाळावर भाजले जाते, त्यावरचे जंतू मरतात. पण भरतात वरून घातलेली पात आणि कोथिंबीर कच्चीच पोटात जाते! तरीही वांग्याला पाणी सरीतूनच द्यावे, फळ भिजू देऊ नये. जुडी ताजी दिसावी म्हणून बाजाराला नेण्याआधी ती नाल्यात बुडवून काढतात, ही रीत तर आजच बंद करावी. अशा शेतात अनवाणी पाणी भरू नये, आकड्या कृमी पायाच्या कातडीतून शिरतो.

सांडपाण्यात मीठ आणि साबणाचा सोडाही असतो. सोडियम साठले की काळी जमीन चोपण होते, पाणी वर साचते आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. पाण्याची क्षारता, म्हणजे ई.सी., पाऊणच्या आत असेल तर काळजी नाही. सव्वादोनच्या वर गेली तर ते पाणी केळीला देऊच नये. शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यातही विरघळलेले मीठ तसेच राहते, म्हणून तेही तपासूनच वापरावे.

तपासणी वर्षातून दोनदा करावी, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडूनही नमुना पाठवता येतो. पंप दहा मिनिटे चालू द्यावा, लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि काठोकाठ भरावी. औषधाची किंवा फवारणीची बाटली चालणार नाही. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा. बाटलीवर गाव, गट नंबर, विहिरीची खोली, तारीख आणि जवळ शोषखड्डा किंवा नाला किती फुटांवर आहे, एवढे लिहून द्यावे.