सावित्री कुठे सुरू होते?

या रे पोरांनो, पडवीत बसा. पागोळ्यांखाली हात धरा. तळहातावर पडतंय ना, ती सावित्री आहे.

हसू नका, खरंच सांगतो. कौलांवरचं पाणी अंगणात जातं, अंगणातलं पऱ्यात, पऱ्यातलं वहाळात आणि वहाळातलं सावित्रीत. जिथवरचं पावसाचं पाणी नदीकडे उतरतं, तिथवर नदीचंच राज्य. त्या मुलखाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. नदी शांतपणे वाहील की उधळेल, हे बरंचसं त्या मुलखावर ठरतं.

आता दोन बहिणींची गोष्ट ऐका. महाबळेश्वरच्या पठारावर, समुद्रापासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, कृष्णा आणि सावित्री शेजारी-शेजारी जन्मतात. पाऊस दोघींवर सारखाच, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. कृष्णा पूर्वेला निघते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला वळते, तर समोर सह्याद्रीचा कडाच! पोलादपूर, महाड, दासगाव करत ती बाणकोटच्या खाडीत उतरते, तेव्हा तिचा सगळा प्रवास जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा झालेला असतो. त्यातली बहुतेक उंची ती सुरुवातीलाच उतरून टाकते. म्हणून घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी काही तासांतच महाडच्या दारात येतं.

आता पंजा पसरा. बोटं म्हणजे ओढे आणि उपनद्या, मनगट म्हणजे महाड. रायगडाच्या बाजूने गांधारी येते, काळ नदी येते, आणि त्या महाडच्या आसपासच सावित्रीला मिळतात. सगळ्या बोटांवर एकदम पाऊस झाला, तर सगळं पाणी मनगटाशी जवळजवळ एकाच वेळी पोचतं. पाणलोट शेवग्याच्या शेंगेसारखं लांबट असतं, तर एकीचं पाणी पुढे गेल्यावर दुसरीचं आलं असतं. पंजाच्या आकाराला ती सवड नाही.

मनगटाच्या खाली कोण? समुद्र. भरतीचं पाणी खाडीतून पार दासगावापर्यंत चढतं. वरून पूर आणि खालून भरती अशी गाठ पडली, की नदीला पुढे जायला वाट उरत नाही. मग ती बाजूला पसरते, म्हणजे गावात शिरते.

२०२१ सालचा जुलै तुमच्या आईबाबांना विचारा. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. २२ जुलैच्या सकाळपासून २३च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात साऱ्या पावसाळ्यात जेवढा पडतो, जवळपास तेवढा एका दिवसात! महाडची बाजारपेठ पाण्यात बुडाली. तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. ते दिवस आठवले की माझ्या घशाशी अजून आवंढा येतो.

आता काल मागच्या दारी आपण काय केलं, ते आठवा. तीन फळ्या तिरक्या ठेवल्या. एकीवर केळीचं पान, दुसरीवर नुसती माती, तिसरीवर गवताचं ढेकूळ आणि वर पाचोळा. तिन्हींवर एक-एक तांब्या पाणी ओतलं. केळीच्या पानावरचं पाणी तुम्ही तीन म्हणेपर्यंत खालच्या टोपात आलंसुद्धा. नुसत्या मातीवरचं आलं ते चहासारखं लाल, माती घेऊन. आणि पाचोळ्याखालून? किती वेळ थेंबच नाही! मग एक-एक टपकायला लागला, आणि जेवणं उरकली तरी टपकतच होता.

केळीचं पान म्हणजे सिमेंटचं अंगण, डांबरी रस्ता, उघडा कातळ. नुसती माती म्हणजे झाडं तोडलेला डोंगर. त्याची लाल माती नदीत येते, पात्रात गाळाची बेटं होतात, पात्र उथळ होतं, आणि पुढच्या वर्षी कमी पाण्यातही पूर येतो. २०२१च्या पुरानंतर सावित्रीतला गाळ यंत्रं लावून काढायला घेतला, तो याच कारणाने.

पाचोळ्याची फळी म्हणजे रान. झाडांच्या मुळांनी, गांडुळांनी, मुंग्यांनी तिथली जमीन चाळणीसारखी केलेली असते. पाणी आत मुरतं आणि झऱ्यांनी सावकाश बाहेर येतं. पण खोटं सांगणार नाही. एका दिवसात सहाशे मिलिमीटर कोसळलं, तर रानाचंही पोट भरतं, मग तेही पाणी सोडून देतं. तसला महापूर रान थांबवू शकत नाही. रोजच्या पावसाचा वेग मात्र तेच मोडतं, आणि डोंगराची माती डोंगरावर ठेवतं.

भाताचं खाचरही असंच राखणदार. एका गुंठ्यात दहा सेंटीमीटर पाणी अडलं, तर ते दहा हजार लिटर होतं. त्या खाचरात भराव टाकून इमारत बांधली, की तेवढं पाणी तडक वहाळात जातं. वहाळावरची मोरी मात्र जुन्या मापाचीच असते.

आता उन्हाळ्यातल्या पाण्याचं बघू. तुम्ही विचाराल, कोलाडची कुंडलिका नदी तर भर मे महिन्यातही दुथडी वाहते, तिथे होड्या उड्या मारतात, ते कसं? ते तिचं स्वतःचं पाणी नाही, बाळांनो. मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. १९२७ पासून ते चाललंय. पूर्वेला जाणारं मुळा नदीचं पाणी असं पश्चिमेला वळवलं, म्हणून कुंडलिका उन्हाळ्यात भरलेली दिसते.

सावित्रीला असं बाहेरून देणारं कुणी नाही. चैत्रात तिच्यात जे वाहतं, ते डोंगराने पावसाळ्यात पोटात साठवलेलं. रान गेलं की ती साठवण जाते. मग आषाढात पूर आणि मे महिन्यात महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर टँकर, हे दोन्ही एकाच गावाच्या वाट्याला येतं.

आपल्या वरच्या खाचराचा बांध काल फुटलाय. पाऊस जरा उघडला की कुदळ आणि घमेलं घेऊन माझ्याबरोबर चला. सावित्री तिथूनच सुरू होते.