गालाखालचा मिलिमीटर

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधोमध जो ‘दहा’ असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्‍याच्या कडेने त्या ठिपक्याला नुसता स्पर्श केला तरी दहा गुण मिळतात. पण त्यासाठी छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडावा लागतो. हेच गणित उलटे रायफलीकडे आणून पाहा. डोळ्याजवळचे छिद्र आणि नळीच्या टोकाची कडी यांच्यात पाऊण मीटर अंतर धरले, तर त्या दोघांची रेघ दोन दशांश मिलिमीटरनेही सरकलेली चालत नाही. सरकली की नऊ. आणि आज नऊ गुण म्हणजे अंतिम फेरीवर पाणी, कारण आता गुण दशांशात मोजतात, एका छर्‍याला १०.९पर्यंत गुण मिळतात आणि साठ छर्‍यांची बेरीज करताना अर्ध्या गुणाने माणसे बाहेर पडतात.

नेमबाजाचे कौतुक करताना आपण त्याच्या डोळ्याचे आणि हाताचे करतो. पण डोळा छिद्रामागे नेमका कुठे येणार हे गाल ठरवतो, आणि गाल कुठे टेकणार हे रायफलीचा दस्ता ठरवतो. गेल्या काही दशकांत महाराष्ट्राने या खेळात जी माणसे घडवली, त्यांच्या यशात दस्त्यावरच्या त्या सरकत्या भागांचा, स्क्रूंचा आणि खुणांचा वाटा मोठा आहे. त्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

बंदुकीशी पहिली ओळख मात्र अशा दस्त्याची नसते. मालेगाव जहांगीर हे वाशिम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. इकडे बंदूक म्हटली की डोळ्यांसमोर येते ती शेतकर्‍याची. तुरीत आणि सोयाबीनमध्ये रोही आणि रानडुकरांचे कळप शिरतात, रात्रीच्या रात्री पीक लोळवतात. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, तशी तरतूद १९५९च्या शस्त्र कायद्यातच आहे. या बंदुकीचा दस्ता म्हणजे लाकडाचा एक अखंड तुकडा. बापाच्या खांद्याला बसतो, मुलाच्या बसतोच असे नाही. पण तिचे काम बार काढून जनावर पळवायचे, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्नच येत नाही.

शाळा-कॉलेजात बंदुकीची दुसरी ओळख होते ती एनसीसीत. पॉइंट टू-टूची रायफल, तिचाही दस्ता एकाच मापाचा. सहा फुटी कॅडेट आणि जेमतेम पाच फुटांची मुलगी, दोघांनी त्याच लाकडात आपापले अंग बसवायचे. मुलीचा हात ट्रिगरपर्यंत पोचावा म्हणून ती खांदा पुढे काढते, मान ताणते, गाल लाकडावर दाबते. गोळी भलतीकडे गेली की ‘नेम नाही’ असा शेरा मिळतो. हा शेरा अनेकदा अन्यायाचा असतो. तिला नेम आहे, तिच्या मापाचा दस्ता नाही.

लष्करांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळली होती. आपल्या पोलिसांनी दशकानुदशके वापरलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, तिचा मागचा लाकडी भाग वेगवेगळ्या लांबीत मिळत असे : लांब, नेहमीचा, आखूड, आणि त्याहून आखूड ‘बँटम’. कोणता भाग कोणत्या लांबीचा आहे हे लाकडावर ठोकलेल्या अक्षरावरून कळे. हात आखूड असलेल्या शिपायाला आखूड दस्ता द्यायचा, इतका साधा विचार. आपल्या संस्थानिकांनी ज्यांच्याकडून शिकारीच्या बंदुका मागवल्या, ते ब्रिटिश बंदूककार तर गिर्‍हाइकाचे माप घ्यायला एक खास बंदूक ठेवत. तिचा दस्ता सांध्यांवर वर-खाली, डावी-उजवीकडे वळे. गिर्‍हाइकाने ती खांद्याला लावायची, कारागिराने समोरून त्याचा डोळा पाहायचा, माप टिपायचे आणि मग अक्रोडाच्या लाकडातून नेमका तसा दस्ता कोरायचा. शॉटगनला मागचे छिद्र नसतेच, तिथे नेमबाजाचा डोळा हेच मागचे छिद्र. त्यामुळे तिथे दस्त्याचे माप चुकले की उडती तबकडी चुकलीच.

स्पर्धेच्या रायफलीत ती माप घेणारी बंदूक आणि मारायची बंदूक एक झाली. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या अनशुट्झ आणि वाल्थर, ओबरनडॉर्फची फाइनवेर्कबाऊ, या कंपन्यांच्या रायफली आपल्या रेंजवर सर्रास दिसतात. जुन्या रायफलींचे दस्ते बीच किंवा अक्रोडाचे. आता बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे, कारण लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, आणि धातूत सरकते भाग बसवणे सोपे जाते. पहिल्यांदा पाहणार्‍याला ही रायफल वाटतच नाही, एखादे मोजमापाचे यंत्र वाटते.

तिचे मुख्य भाग असे. गाल टेकायचा तो चीकपीस. तो वर-खाली होतो, आत-बाहेर सरकतो, थोडा तिरकाही करता येतो. खांद्याला लागते ती बटप्लेट. ती मागे-पुढे सरकवली की दस्त्याची लांबी बदलते, वर-खाली केली की रायफल खांद्यात कुठे बसणार ते बदलते. उजव्या हाताची ग्रिप वळवता येते, म्हणजे मनगट न मुरडता बोट ट्रिगरवर सरळ मागे येते. पुढच्या हातासाठी हँडस्टॉप आणि पट्टा, आणि पन्नास मीटरच्या उभ्या प्रकारात तळहाताखाली टेकू. नियमही आहेत : एअर रायफल साडेपाच किलोंपेक्षा जड नको, तिला तळहाताचा टेकू चालत नाही, खांद्यामागे अडकणारा हुकही चालत नाही. स्पर्धेआधी रायफल तपासली जाते, मोजली जाते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चीकपीस. डोके रायफलीवर ‘ठेवायचे’ असते, दाबायचे नसते. चीकपीस खाली असला की नेमबाज मान वाकवून छिद्र शोधतो. मानेचे स्नायू ताणले जातात, डोळा भुवईखालून वर पाहू लागतो आणि लवकर थकतो. शिवाय शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते. डोके कलले की तोलाचा अंदाजही बिघडतो आणि उभा नेमबाज डोलू लागतो. म्हणून जाणकार प्रशिक्षक आधी मुलाला रायफलीशिवाय सरळ उभा करतात, नजर समोर ठेवायला लावतात, आणि मग रायफल त्या डोक्यापर्यंत वर आणतात. गरज पडली तर सायटींखाली, म्हणजे छिद्र आणि कडी यांच्याखाली, ठोकळे घालून त्याही उंचावतात. शरीराने जागा सोडायची नाही; रायफलीने यायचे.

उभ्या पोझिशनमध्ये डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते. वजन हाडांवरून खाली पायांत उतरते. स्नायूंवर घेतले तर मिनिटाभरात ते थरथरतात. ज्याचा दंड आखूड त्याचे कोपर कमरेपर्यंत पोचत नाही, मग तो कंबर अधिक बाहेर काढतो आणि काही वर्षांनी पाठदुखी घेऊन हिंडतो. पुढच्या हाताचा आधार योग्य उंचीवर आणला की ही झटापट संपते. रायफल अंगाला बसली की नाही हे पाहायची नेमबाजांची रीत मोठी सुंदर आहे : रायफल लावायची, डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. काळे वर्तुळ कडीच्या मध्यात असेल तर शरीर आणि दस्ता जुळले. बाजूला गेले असेल तर हाताने ओढून आणायचे नाही, पाय किंवा बटप्लेट हलवायची.

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरीला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण या प्रकारात रायफलीचे काय होते, ते कोणी फारसे सांगितले नाही.

गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत एकाच रायफलीने मारायचे. पालथे पडल्यावर डोके पुढे येते, उभे राहिल्यावर मागे जाते. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली गोल उशी असते आणि कण्याची ठेवणही बदलते. म्हणजे एका माणसाची तीन वेगळी शरीरे. प्रत्येकाला चीकपीसची उंची, बटप्लेटची लांबी, हँडस्टॉपची जागा वेगळी लागते. पात्रता फेरीत साठ गोळ्यांसाठी दीड तास असतो आणि रायफल बदलायचा वेळही त्यातूनच काढायचा. अंतिम फेरीत तर मोजकी मिनिटे. त्या मिनिटांत अ‍ॅलन की फिरते, पट्टा सुटतो, टेकू लागतो, बटप्लेट ठरलेल्या खुणेवर येते. खूण एका रेघेने चुकली तर पुढच्या गोळ्या कुठे जातील ते सांगता येत नाही. कुसाळे गुडघ्यावर आणि पालथ्या स्थितीत पहिल्या तिघांत नव्हता. उभ्या स्थितीत तो वर सरकला. तिन्हींपैकी सर्वांत अवघड ती हीच, आणि शरीर व दस्ता यांचा मेळ सर्वांत उघडा पडतो तोही इथेच.

त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार खेळलेल्या. त्याच ऑलिंपिकला अंजली भागवत आणि सुमा शिरूरही होत्या. अंजली भागवत २००० साली सिडनीत दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. सुमा शिरूर यांनी २००४मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण केले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पालथ्या प्रकारात ५९७ गुणांसह विश्वविजेती झाली आणि चाळिशीत टोकियो ऑलिंपिक खेळली. २०२२मध्ये कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलचा विश्वविजेता झाला. या यादीत उंची, बांधा, वय यांत काहीच समान नाही. खेळ अमुक शरीराचा नाही, हेच त्यातून दिसते. रायफल शरीराला बसवता आली म्हणूनच ही इतकी वेगळी माणसे एका रांगेत उभी राहू शकली.

याचा सर्वांत ठळक पुरावा पॅरा-नेमबाजीत आहे. पनवेलला नेमबाजीची अकादमी चालवणार्‍या सुमा शिरूर या जयपूरच्या अवनी लेखराच्या प्रशिक्षक. अवनी व्हीलचेअरवरून खेळते. तिने टोकियोत आणि पॅरिसमध्ये, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचे सुवर्ण घेतले. तिच्या प्रकाराचे अधिकृत नाव ‘स्टँडिंग’च आहे, फक्त ती बसून मारते, कोपराला टेबलाचा आधार न घेता. कमरेखालचा भाग तोल सावरत नसेल तर रायफलीचे वजन पुढे किती आणि मागे किती, हा प्रश्न आणखी नाजूक होतो. ज्यांच्या हातांना रायफलीचा भार पेलवत नाही त्यांचा वेगळा गट आहे, तिथे स्प्रिंगवर झुलणारा टेकू मिळतो. कोल्हापूरच्या स्वरूप उन्हाळकरने टोकियोत चौथा क्रमांक मिळवला, पदक थोडक्यात हुकले. ठरावीक मापाच्या लाकडी दस्त्यावर यांपैकी कोणाचीही गुणवत्ता दिसली नसती.

आता या सोयीची दुसरी बाजू. जे सरकते ते सारखे सरकवावेसे वाटते. गोळी चुकली की चीकपीस एक रेघ वर, पुन्हा चुकली की दोन रेघा खाली, आणि आठवड्याभरात पोराला आपली मूळ जागाच सापडत नाही. चूक अनेकदा ट्रिगर ओढण्यात असते, श्वासात असते, आदल्या रात्रीच्या जागरणात असते. शिक्षा मात्र स्क्रूला. म्हणून चांगल्या रेंजवर नियम कडक असतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुरेशा गोळ्या मारून पाहायची, वहीत लिहायची, आणि स्पर्धा तोंडावर आली की अ‍ॅलन की पेटीत. वाढत्या वयाच्या मुलांचे मात्र उलट. वर्षभरात उंची दोन-तीन इंच वाढते, जुनी मापे तशीच राहतात आणि गुण घसरतात. तिथे बदल न करणे हीच चूक.

आणि इथेच मला मालेगावसारख्या तालुक्यांबद्दल काही सांगायचे आहे. स्पर्धेची परदेशी एअर रायफल काही लाखांच्या घरात जाते. शेतकर्‍याच्या घरातून एका मुलासाठी इतका पैसा निघणार नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही करू नये. त्यामुळे नेमबाजी हा मुंबई-पुणे-कोल्हापूरचा खेळ, असे धरून आपण मोकळे होतो. पण जुळवून घेता येणार्‍या दस्त्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे की ती रायफल एकाची राहत नाही. सकाळी नववीतल्या ठेंगण्या मुलीच्या मापावर, दुपारी बारावीतल्या उंच मुलाच्या मापावर. दर वेळी पाच मिनिटांचे काम. प्रत्येकाच्या नावाने वहीत एक पान, त्यात बटप्लेटचा आकडा, चीकपीसची उंची, ग्रिपचा कोन. कांबळवाडीचा मुलगाही राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेतून. रेंजला जागा किती लागते? एअर रायफलला दहा मीटर. एखाद्या शाळेचे लांबट सभागृह पुरते. मागे भक्कम भिंत, छर्रे अडवणार्‍या पेट्या, दाराला कुलूप, येण्याजाण्याची एकच वाट, आणि सुरक्षेचे नियम काटेकोर पाळून घेणारा माणूस. पॉइंट टू-टूचा परवाना, दारूगोळा आणि पन्नास मीटरची रेंज यांचा विचार मुले तयार झाल्यावर करता येईल.

खरी अडचण प्रशिक्षकाची आहे. रायफल विकत मिळते. मुलाच्या मानेकडे पाहून चीकपीस किती वर घ्यायचा हे ओळखणारा डोळा विकत मिळत नाही. तो पुण्याच्या बालेवाडीत, पनवेलला, कोल्हापुरात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसांकडे आहे. जिल्हा क्रीडा विभागाने वाशिमच्या दोन-तीन शारीरिक शिक्षण शिक्षकांना तिथे सहा-आठ महिने पाठवले, तर दोन चांगल्या रायफलींवर एका तालुक्याची वीस-पंचवीस मुले सहज शिकतील. रायफली आधी घेऊन शिक्षक नंतर शोधण्याची पद्धत मात्र नको. कुलूपबंद खोलीत पडलेल्या रायफलीचा चीकपीस कारखान्यातून आला त्याच उंचीवर राहतो.