भोकाचा पैसा, तांब्याचा सेंट

आजीच्या फणेरपेटीत एक भोकाचा पैसा होता. वर मुकुट, खाली १९४३ साल आणि मधोमध वाटोळं भोक. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी खिळा ठोकून हा पैसा बिघडवला आहे. पुढे कळलं की ते भोक टांकसाळीनंच पाडलेलं. दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून आधीच्या पैशाचं वजन निम्म्याहून खाली आणलं आणि पोटातला धातूही वाचवला. दिसायला खोडीचा असलेला तो पैसा अगदी बरोबर होता.

त्याच १९४३ साली अमेरिकेत याच्या उलट घडलं. दिसायला निर्दोष, पण मुळातच चुकीची अशी काही नाणी तिथे पडली. नाण्यांच्या जगात चूक कशी ओळखावी, हे त्यांच्याइतकं चांगलं क्वचितच कुणी शिकवतं.

अमेरिकेलाही तांब्याचीच टंचाई होती. लिंकनचं चित्र असलेला एक सेंट तोवर ९५ टक्के तांब्याच्या कांशाचा असे. १९४३ साठी तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात पाडायचं ठरलं. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टांकसाळींनी मिळून १०९ कोटींहून अधिक पोलादी सेंट पाडले. मात्र कोऱ्या चकत्या वाहून नेणाऱ्या मोठ्या पेट्यांच्या सांदीकोपऱ्यात आदल्या वर्षीच्या थोड्या कांशाच्या चकत्या अडकून राहिल्या होत्या, असं मानलं जातं. त्या सुटल्या, पोलादी चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या आणि १९४३ साल लेऊन तांबूस सेंट बाहेर पडले. आज असे मोजकेच सेंट माहीत आहेत. डेन्व्हरचा तर एकच. २०१० साली तो १७ लाख डॉलरना विकला गेला.

१९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात डॉन लुट्स या सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत असा एक सेंट मिळाला. त्यानं सरकारी खात्याला विचारलं. १९४३ मध्ये तांब्याचे सेंट पाडलेच नाहीत, असं उत्तर आलं. त्यानं नाणं जन्मभर जपलं. २०१९ च्या जानेवारीत, त्याच्या निधनानंतर, ते लिलावात २,०४,००० डॉलरना गेलं आणि ती रक्कम गावच्या ग्रंथालयाला मिळाली. कागदोपत्री जे नाणं अस्तित्वातच नव्हतं, त्याची साक्ष शेवटी धातूनं दिली.

ती साक्ष काढायची कशी? पहिली परीक्षा लोहचुंबकाची. पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून फसवणं हा सर्वांत जुना डाव आहे. असं नाणं चुंबकाला झटकन चिकटतं, कांशाचं चिकटत नाही. दुसरी परीक्षा तराजूची. पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅम, कांशाचा ३.११ ग्रॅम. चांगल्या काट्यावर हा फरक लपत नाही. तिसरी भिंगाची. १९४८ च्या सेंटमधल्या ८ ची डावी बाजू खरवडून ३ करतात. पण १९४३ च्या अस्सल ३ ची शेपटी लांब असून बाकीच्या आकड्यांच्या खाली उतरते. ८ कितीही कोरला तरी ती शेपटी निघत नाही. आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा मात्र राहतात.

चौथी खूण मला सगळ्यांत सुंदर वाटते. पोलाद कांशापेक्षा कठीण, म्हणून त्या वर्षी यंत्रांचा दाब वाढवलेला होता. त्या वाढीव दाबाखाली मऊ कांशाची चकती आली, तेव्हा कडेजवळची अक्षरं एरवीपेक्षा जास्त ठसठशीत उठली. नकली नाणं पाडणाऱ्याला साल जमेल, रंग जमेल. त्या वर्षीचा तो दाब आठवणीत ठेवणं अवघड. याहीपुढे क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण तपासतात आणि अस्सल म्हणून सिद्ध झालेल्या नाण्यांशी ठशाचे बारीकसारीक ओरखडे जुळवून बघतात.

या सगळ्या परीक्षांचा गाभा एकच. खरी चूक टांकसाळीच्या कामाच्या क्रमात कुठेतरी बसते. पत्र्यातून चकती कापणं, ती तापवून मऊ करणं, कड उचलणं, दोन ठशांमध्ये दाबणं, यांपैकी कुठल्या पायरीवर काय बिनसलं ते सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही, तर ती टांकसाळीबाहेर झालेली इजा समजावी.

चंद्रकोरीसारखा तुकडा तुटलेलं नाणं घ्या. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर आधीच्या चकतीनं पाडलेल्या भोकाचा कंस नव्या चकतीत येतो. अशी चकती कड उचलणाऱ्या यंत्रात गेली की तुटक्या जागेच्या बरोबर समोर तिला पुरता दाब मिळत नाही आणि तिथली कड पुसट राहते. ब्लेकस्ली परिणाम या नावानं संग्राहक ही खूण ओळखतात. घरी कानशीनं कोर काढणाऱ्याला समोरच्या कडेचं भान नसतं. ती ठणठणीत असते आणि तीच त्याला उघडं पाडते.

आपल्याकडे ही पारख नवी नाही. नाणी पारखून घेणारा पोतदार मराठी मुलखात हुद्द्यानं ओळखला जाई आणि ते आडनाव अजून टिकून आहे. ‘वाजवून घेणं’ हा शब्दप्रयोगही नाण्याच्या खणखणीत आवाजातूनच आला. आज मात्र ‘एरर’ म्हटलं की न तपासता लाखांची स्वप्नं पडतात. सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून नाणं दुर्मीळ, असं सांगणारे भेटतात. वास्तविक मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपलं नाव वापरून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये द्यावा लागला. ज्यांना खरंच शिकायचं आहे, त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेचं संग्रहालय पाहावं. शेकडो बरोबर नाणी नजरेखालून गेल्याशिवाय एक चुकलेलं नाणं ओळखता येत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आजीचा पैसा पुन्हा भिंगाखाली धरला. अक्षरं भोकाला वळसा घालून बसली आहेत, एकही कापलं गेलेलं नाही. म्हणजे ठसा कोरणाऱ्याला भोकाची जागा आधीपासून ठाऊक होती. खिळ्यानं टोचलेला पैसा असा दिसला नसता. लहानपणी मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या पैशावरच लिहिलेलं होतं. मला तेव्हा ते वाचता येत नव्हतं, इतकंच.