आखूड स्प्रिंग आणि जुना शॉक ॲब्झॉर्बर

मोटारगाडी तीन-चार सेंटिमीटर खाली आणली की रुबाबदार दिसते. शिवाय गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर कमी कलते. म्हणून हौशी मंडळी मूळ स्प्रिंगा काढून आखूड 'लोअरिंग स्प्रिंगा' बसवतात. शॉक ॲब्झॉर्बर मात्र पुष्कळदा जुनेच राहतात. यात काय बिघडते ते पाहू.

मुळात 'शॉक ॲब्झॉर्बर' हे नावच फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेली ऊर्जा ती परत करते. तिच्यावरच सोडले तर गाडी डुलतच राहील. शॉक ॲब्झॉर्बरमधील दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते व त्या ऊर्जेची उष्णता होते. 'दोलनशामक' म्हटले तर अधिक योग्य.

समजा, एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे, चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठरपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे आणि रबरी ठोकळ्यावर आदळण्यापूर्वी चाकाला वर सरकायला ८ सेंटिमीटर जागा आहे. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली की जागा उरते ५. ही उणीव भरून काढण्यासाठी आखूड स्प्रिंग जास्त ताठर करतात. ३० टक्के वाढ धरू, म्हणजे २६ न्यूटन. आता ½kx² हे सूत्र वापरू. पूर्वी धक्क्याची ६४ ज्यूल ऊर्जा सामावत असे, आता जेमतेम ३२.५! ताठरपणा वाढवूनही क्षमता निम्मी झाली. पूर्वीइतकी हवी तर ताठरपणा अडीचपटीहून अधिक लागेल, आणि मग बसणाऱ्यांची हाडे खिळखिळी होतील. तेव्हा गाडी फार खाली आणू नये हेच खरे.

आता शामकाकडे वळू. दोलने थोपवायला लागणारे अवमंदन √(km) च्या प्रमाणात असते. k ३० टक्क्यांनी वाढला तर ते सुमारे १४ टक्क्यांनी वाढायला हवे, विशेषतः स्प्रिंग उसळून लांब होताना. जुना, त्यातून झिजलेला शामक येथे अपुरा पडतो आणि चाक रस्त्यावर नाचू लागते. टायर टेकलेले नसेल त्या क्षणी त्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? उलट शामक वाजवीपेक्षा कडक असेल तर खड्ड्यात उतरायला चाकाला उशीर होतो. लांबीही जुळावी लागते. जॅक लावून चाक लोंबकळू दिले असता स्प्रिंग बैठकीत सैल होत असेल तर ती जोडी बाद.

काही गॅरेजांत स्प्रिंगचा वेढाच गॅसने कापतात. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. शिवाय ताठरपणा वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असल्याने आठातला एक कापला तरी तो १४ टक्क्यांनी वाढतो.

वर्गात हे करून पाहता येईल. स्प्रिंगला वजन टांगून ते खाद्यतेलाच्या पेल्यात बुडवा, हलवून सोडा आणि थांबेपर्यंतची दोलने मोजा. मग स्प्रिंग मधोमध चिमट्यात धरून अर्धीच लोंबू द्या. वजन तेच, तेल तेच. पण दोलने भराभर होतील आणि थांबेपर्यंत त्यांची संख्याही जास्त भरेल.